रॉकरचा काटकोन

श्रोतेहो, आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें ती आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. परंतु निरखून पाहिली असेलच असें नाहीं. विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या माथ्यावर एक टोपण असतें. तें काढलें म्हणजे खालीं दोन आंखूड लोखंडी तरफा दिसतात. इंजिन चालूं झालें कीं त्या आळीपाळीनें माना खालींवर करूं लागतात. या तरफांना रॉकर म्हणतात. शर्यतीचें इंजिन बांधणारा कारागीर या वीतभरहि नसलेल्या तरफेच्या कोनासाठीं तासन्‌तास खर्ची घालतो. आमच्या घरचा एका हंगामाचा गहूं त्याच कोनापायीं गेला. म्हणून हा विषय मीं निवडला आहे.

मी इंजिनियर नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, आणि वर्धा जिल्ह्यांतील हिंगणी या आमच्या गांवीं व आसपासच्या शाळांत अंकगणित व भूमिति शिकवून मी निवृत्त झालों. तेव्हां जें सांगणार आहें तें एका मास्तराच्या दृष्टीनें, पाटी-पेन्सिलीच्या आधारें. त्यांत वर्तुळ, काटकोन आणि पायथागोरसचा सिद्धान्त यांपलीकडे कांहीं लागणार नाहीं.

प्रथम आमच्या इंजिनाची हकीकत सांगतों. हिंगणीजवळ बोर नदीवर धरण आहे. परंतु आमचें शेत उंच अंगास असल्यामुळें त्याला कालव्याचें पाणी मिळत नसे, विहिरीचाच काय तो आधार. १९९८ सालीं तेथपर्यंत विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या. विहिरीवर पांच अश्वशक्तीचें जुनें डिझेल इंजिन होतें. त्या वर्षीं हिंवाळ्याच्या आरंभींच इंजिन सुरूं व्हावयास कां-कूं करूं लागलें. दाब टिकत नव्हता. मेकॅनिक आला, त्यानें हेड उतरविलें आणि सांगितलें कीं, व्हॉल्व्हच्या सीटा झिजल्या आहेत. एक तर नव्या सीटा बसवाव्या, नाहीं तर जुन्याच पुन्हा कापून ग्राइंडिंग करून घ्यावें. अशा प्रकारें ग्राइंडिंग त्यापूर्वीं तीन वेळां झालें होतें. वडील म्हणाले, "या खेपेस नव्याच बसवूं." मीं कागद घेतला, दोन्ही कामांचा खर्च मांडला, आणि ग्राइंडिंग किती स्वस्त पडतें तें त्यांना दाखविलें. मुलगा मास्तर, त्यानें मांडलेल्या हिशोबापुढें वडील काय बोलणार? चौथ्यांदा ग्राइंडिंग झालें. मेकॅनिकनें रॉकरचा स्क्रू फिरवून फट बरोबर जुळवून दिली, आणि इंजिन पहिल्या हाकेस चालूं झालें.

पुढें माघ महिन्यांत, ओंब्यांत दूध भरत असतांना, एके पहांटे इंजिनांतून मोठा ठोका ऐकूं आला आणि तें जागच्या जागीं थांबलें. धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह आपल्या गाईडमध्यें अडकून उघडाच राहिला होता, आणि वर येणाऱ्या पिस्टननें त्यावर धडक दिली होती. व्हॉल्व्ह वांकला, पिस्टनला खांच पडली. वर्ध्याहून सामान आणून काम पुरें होईतों बारा दिवस गेले. गव्हाला त्या दिवसांत पाणी मिळालें नाहीं म्हणजे काय होतें, हें शेतकरी श्रोत्यांना सांगावयास नको. दाणा सुरकुतला, आणि पोतीं निम्म्यावर आलीं. वडिलांनीं मला शब्दानेंहि दोष दिला नाहीं. खळ्यावर बसून सुरकुतलेले दाणे तळहातावर घेऊन ते नुसते पाहात राहिले. तें मला अधिक लागलें.

होळीला माझा एक जुना विद्यार्थी गांवीं आला. पुण्यास शर्यतीच्या मोटारसायकलींचीं इंजिनें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत तो काम करीत असे. शाळेंत त्याला भूमितीचा कंटाळा असे, आणि त्यापायीं माझ्या हातचा मारहि त्यानें खाल्ला होता. आमचा वांकलेला व्हॉल्व्ह त्यानें हातांत घेतला. परंतु वांकलेल्या भागाकडे त्यानें पाहिलें नाहीं, देठाच्या वरच्या टोंकाकडे पाहिलें. तेथें रॉकर घांसून एक रुंद चकचकीत पट्टा उमटला होता, आणि तो मध्यावर नसून एका कडेकडे सरकला होता. मग त्यानें जुनें गाईड उजेडाकडे धरलें. त्याचें भोंक वाटोळें न राहतां लांबट झालें होतें, आणि तें लांबट झालें होतें नेमकें रॉकरच्या लांबीच्या दिशेनें. तो म्हणाला, "गुरुजी, स्क्रूनें फट जुळते. कोन जुळत नाहीं."

त्या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घेण्यांत माझी ती उन्हाळ्याची सुटी गेली. तोच आतां आपणांस सांगतों.

इंजिनाला श्वास घ्यावा लागतो. एका व्हॉल्व्हनें हवा आंत यावयाची, दुसऱ्यानें धूर बाहेर जावयाचा. व्हॉल्व्ह म्हणजे देठ असलेली छत्रीसारखी झडप. ती सीटवर घट्ट बसलेली असते, आणि स्प्रिंग तिला सतत वर ओढून धरते. ती उघडावयाची म्हणजे देठाच्या टोंकावर वरून दाब द्यावयाचा. हा दाब येतो तो खालून. इंजिनाच्या पोटांत कॅम नांवाचा उंचवटा असलेला आंस फिरतो. तो उंचवटा एका उभ्या दांडीला वर ढकलतो. तिला पुशरॉड म्हणतात. पुशरॉड रॉकरचें एक टोंक वर उचलतो, मग दुसरें टोंक खालीं जातें आणि व्हॉल्व्ह उघडतो. मुलांच्या खेळांतील फळीवर एक मूल वर गेलें कीं दुसरें खालीं येतें, तोच हा प्रकार. टेकू बरोबर मध्यावर नसून पुशरॉडकडे थोडा सरकलेला असतो, म्हणून व्हॉल्व्हकडील टोंकाला अधिक प्रवास घडतो. कॅमनें ८ मिलिमीटर उचललें आणि तरफेचें प्रमाण दीडपट असलें, तर व्हॉल्व्ह १२ मिलिमीटर उघडतो. या अंतराला कारागीर लिफ्ट म्हणतात. व्हॉल्व्ह खालीं जातो, तरी नांव मात्र लिफ्टच.

येथवर सर्व सोपें आहे. अडचण पुढें आहे. रॉकर टेकूभोंवतीं फिरतो, म्हणून त्याचें टोंक वर्तुळाच्या कमानींतून जातें. व्हॉल्व्हचा देठ मात्र गाईडमध्यें बसविलेला असल्यामुळें सरळ रेषेंतच खालींवर होऊं शकतो. एक कमानींत चालणारा आणि दुसरा सरळ चालणारा, अशा दोघांनीं हात धरून चालावयाचें. मग कोठें तरी ओढाताण व्हावयाचीच.

या ओढाताणीवर एक सुरेख तोड आपण रोज पाहतों. आपल्या गांवच्या बोरिंगचा हातपंप घ्या. त्याचा दांडा तुमच्या हातीं कमानींत फिरतो, पण विहिरीच्या आंतील सळई सरळच वर ओढली जाते. पंपाच्या डोक्यांत दांड्याच्या पुढच्या टोंकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखा एक वांकडा भाग असतो; त्यावरून सांखळी लोंबते, आणि सांखळीला सळई जोडलेली असते. दांडा कितीहि फिरला तरी सांखळी त्या वर्तुळाला स्पर्श करून टेकूपासून सारख्याच अंतरावरून खालीं सुटते, म्हणून सळईला बाजूचा धक्का बसत नाहीं. हा पंप इंडिया मार्क-दोन या नांवानें देशभर पसरला, आणि १९७० नंतरच्या दशकांत तो तयार झाला तो आपल्या महाराष्ट्रांतीलच सोलापूर पंपाच्या आधारानें.

पण रॉकरला ही तोड चालत नाहीं. सांखळी ओढूं शकते, ढकलूं शकत नाहीं. आणि व्हॉल्व्ह तर ढकलावयाचा असतो. तेव्हां रॉकरचें टोंक देठाच्या माथ्यावर थोडें पुढेंमागें सरकणारच. प्रश्न इतकाच कीं, हें सरकणें कमींत कमी कसें करावें.

आतां कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्यावी. टेकूच्या मध्यापासून रॉकरच्या टोंकापर्यंतचें अंतर ४० मिलिमीटर धरूं, आणि लिफ्ट १२ मिलिमीटर धरूं. समजा, व्हॉल्व्ह बंद असतांना रॉकर देठाशीं बरोबर काटकोनांत आहे. दिसावयास हें फार नीटनेटकें दिसतें, आणि पुष्कळांना हेंच योग्य वाटतें. आतां व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, म्हणजे टोंक १२ मिलिमीटर खालीं गेलें. कर्ण ४०, एक बाजू १२. दुसरी बाजू काढावयाची. ४० चा वर्ग १६००, त्यांतून १४४ वजा केले म्हणजे १४५६, त्याचें वर्गमूळ ३८.१६. म्हणजे टोंक आधीं टेकूपासून ४० मिलिमीटरवर होतें, तें आडव्या मापानें ३८.१६ वर आलें. देठाच्या माथ्यावर तें १.८४ मिलिमीटर घसरलें.

आतां दुसरी मांडणी करूं. व्हॉल्व्ह अर्धा उघडेल तेव्हां काटकोन होईल असें करूं. मग बंद स्थितींत टोंक काटकोनाच्या ६ मिलिमीटर वर असेल, आणि पूर्ण उघडल्यावर ६ मिलिमीटर खालीं. १६०० तून ३६ गेले, राहिले १५६४, वर्गमूळ ३९.५५. म्हणजे टोंक ३९.५५ वर सुरुवात करतें, मध्यें ४० पर्यंत जातें, आणि पुन्हा ३९.५५ वर परत येतें. एकूण सरकणें ०.४५ मिलिमीटर. पहिल्या मांडणीच्या चौथाई! तोच रॉकर, तीच लिफ्ट, तेंच लोखंड. केवळ काटकोन कोठें येतो एवढा फरक. पूर्ण उघडल्यावर काटकोन येईल असें केलें, तर पुन्हा १.८४ च येतें. म्हणून इंजिन बांधणाऱ्यांचा नियम असा कीं, काटकोन अर्ध्या लिफ्टला यावा. टोंक गोलाई दिलेलें असेल, तर हें माप त्या गोलाईच्या मध्यापासून घ्यावयाचें. टोंकाला लहान चाक बसविलेलें असेल, तर चाकाच्या मध्यापासून. पुशरॉडच्या बाजूलाहि हाच विचार लागूं पडतो. तेथेंहि दांडी व तरफ यांचा काटकोन प्रवासाच्या मध्यावर यावा हें उत्तम.

एक लहानसा लाभ आणखी आहे. तरफ जितक्या अंशांनीं फिरते तितक्याच फिरवून पाहा: काटकोन मध्यावर असतांना जेथें पुरी १२ मिलिमीटर लिफ्ट मिळते, तेथें काटकोन आरंभीं ठेवल्यास ११.८६ च मिळते. विहिरीच्या इंजिनाला या अंतराचें सोयरसुतक नाहीं. शर्यतीच्या इंजिनाला मात्र आहे. कारण त्याचा सारा जीव हवा किती घेतां येते यावर असतो.

आमच्या गव्हाचें काय झालें तें आतां ध्यानीं येईल. सीट कापली कीं व्हॉल्व्ह हेडमध्यें थोडा वर जाऊन बसतो, आणि तितकाच देठाचा माथा वर येतो. चार वेळां कापल्यावर तो दोन मिलिमीटर वर आला असें समजूं, आणि वरच्याच उदाहरणांत तो आकडा घालूं. आतां टोंक काटकोनाच्या ८ मिलिमीटर वर सुरुवात करतें आणि ४ मिलिमीटर खालीं जाऊन थांबतें. सुरुवातीचें आडवें माप ३९.१९, मध्यें ४०. म्हणजे सरकणें ०.८१ मिलिमीटर, पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय टोंक देठाच्या मध्यापासून दूर, टेकूच्या बाजूस कलून टेकूं लागतें. मेकॅनिकनें स्क्रू सैल करून फट अगदीं बरोबर ठेवली होती. त्याचें काम चोख होतें. पण फट म्हणजे दोन वस्तूंमधील अंतर, आणि कोन म्हणजे त्यांचें एकमेकींशीं असलेलें नातें. अंतर बरोबर ठेवूनहि नातें बिघडूं शकतें. प्रत्येक वेळीं उघडतांना रॉकर देठाला खालीं दाबण्याबरोबर थोडा बाजूलाहि रेटीत होता. देठ तो रेटा गाईडवर टाकीत होता. गाईड लांबट झालें, त्यांत काजळी शिरली, आणि एके पहांटे व्हॉल्व्ह अडकला.

१५०० फेऱ्यांनीं चालणाऱ्या इंजिनांत प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळां उघडतो, कारण कॅमचा आंस इंजिनाच्या निम्म्या वेगानें फिरतो. रात्रीं आठ तास पाणी दिलें तर ३,६०,००० वेळां. पाव-अर्ध्या मिलिमीटरचें जास्तीचें घांसणें इतक्या वेळां होऊं लागलें म्हणजे लोखंडहि दमतें. मीं कागदावर जो हिशोब मांडला होता, त्यांत हा आंकडा नव्हता.

श्रोतेहो, विहिरीवर जें महिन्यांनीं घडतें, तें शर्यतीच्या इंजिनांत मिनिटांत घडतें. कारण वेग दुप्पट झाला कीं व्हॉल्व्ह व रॉकर यांना पळवावयास व थांबवावयास लागणारें बल दुप्पट नव्हे, चौपट होतें. १५०० च्या जागीं ९००० फेऱ्या झाल्या, म्हणजे वेग सहापट आणि बल छत्तीसपट. हें बल आवरावयास स्प्रिंग फार कडक घालावी लागते. ती कमी पडली, तर कॅमचा उंचवटा पुढें निघून जातो आणि व्हॉल्व्ह त्याच्यामागें वेळेवर मिटत नाहीं, जणूं तरंगत राहतो. आणि स्प्रिंग कडक केली, कीं रॉकरचें टोंक देठावर अधिक दाबानें घांसतें. अशा दाबाखालीं १.८४ मिलिमीटर घसरणें आणि ०.४५ मिलिमीटर घसरणें यांत इंजिन शर्यत पुरी करील कीं अर्ध्यावर थांबेल, एवढें अंतर पडतें. टोंकाला लहान चाक बसविलें तर घर्षण घटतें हें खरें. परंतु चाकालाहि देठाच्या माथ्यावरून पुढेंमागें लोळावें लागतेंच, आणि तें कडेला गेलें म्हणजे देठ कलतोच. चाकानें कोनाची चूक झांकते, मिटत नाहीं.

कित्येक हौशी कारागीर एक सोपा उपाय करतात. दीडपटीचा रॉकर काढून १.६ पटीचा घालतात. कॅमचे तेच ८ मिलिमीटर, पण लिफ्ट १२.८ होते, इंजिन न खोलतां जास्त हवा मिळाली असें वाटतें. परंतु लिफ्ट बदलली कीं तिचा अर्धाहि बदलला, म्हणून काटकोनाची जागा पुन्हा साधावी लागते. पुशरॉडवर व कॅमवर येणारा स्प्रिंगचा भारहि त्याच प्रमाणांत वाढतो. खालीं उतरलेला व्हॉल्व्ह पिस्टनला लागेल काय, स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर टेकतील काय, हेंहि पाहावें लागतें. म्हणून जाणता कारागीर प्रथम टेकूखालीं पातळ पत्रे घालून किंवा काढून टेकूची उंची ठरवितो, आणि मग त्या उंचीला साजेल अशा लांबीचा पुशरॉड निवडतो. आधीं कोन, मग लांबी, आणि सर्वांत शेवटीं फट. आम्ही शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात केली, आणि तेथेंच थांबलों.

या साध्या तरफेची योग्यता जगानें १९९४ सालीं अमेरिकेंत पाहिली. इंडियानापोलिसच्या पांचशें मैलांच्या शर्यतीच्या नियमांत पुशरॉडच्या इंजिनांना सवलत होती; इतरांना २.६५ लिटरची मर्यादा, तर त्यांना ३.४३ लिटरपर्यंत मुभा. पुशरॉड व रॉकर यांची जुनी पद्धति मोठ्या वेगांना टिकणार नाहीं, या समजुतीनें ती दिली होती. इल्मॉर नांवाच्या इंग्रजी कारखान्यानें गुप्तपणें असें एक इंजिन खास त्या शर्यतीसाठीं तयार केलें. त्यावर मर्सिडीजचें नांव होतें. त्या इंजिनाची गाडी घेऊन अल अन्सर धाकटा यानें ती शर्यत जिंकली. जुन्या तरफेंत दोष नसून तिच्या मांडणींत व वजनांत सुधारणेला जागा होती, हें त्यावरून दिसून आलें.

आपल्या महाराष्ट्रांतहि या तरफेचीं दोन टोंकें पाहावयास मिळतात. एक टोंक म्हणजे आपलें शेतीचें इंजिन. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. तिचें ए. व्ही. १ नांवाचें इंजिन शेतकऱ्यांच्या चांगलें ओळखीचें आहे. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धांव ११० मिलिमीटर, म्हणजे पोट ५५३ घनसेंटिमीटरचें. मिनिटाला १५०० फेऱ्या, आणि ताकद पांच अश्वशक्तीची.

दुसरें टोंक पुण्याजवळ चाकणला. तेथील बजाजच्या कारखान्यांत ऑस्ट्रियाच्या के. टी. एम. कंपनीसाठीं मोटारसायकली तयार होऊं लागल्या. २०१३ सालीं आलेल्या ड्यूक ३९० या गाडीचें इंजिन पाहा. व्यास ८९ मिलिमीटर, धांव ६०, पोट ३७३ घनसेंटिमीटरचें. म्हणजे शेतावरील इंजिनाहून बरेंच लहान. पण सुमारें ९५०० फेऱ्यांना ताकद त्रेचाळीस-चव्वेचाळीस अश्वशक्तीची! याच घराण्यांतील आर. सी. ३९० ही गाडी २०१७ सालीं सुरूं झालेल्या सुपरस्पोर्ट ३०० या जागतिक स्पर्धेंत उतरली. एवढी ताकद येते ती मुख्यतः श्वासांच्या संख्येंतून. ९५०० फेऱ्यांना तेथील प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला एकोणऐंशी वेळां उघडतो. आमच्या विहिरीवरचा साडेबारा वेळां. म्हणून तेथें पुशरॉड नाहींच. कॅम थेट माथ्यावर आणून बसविले आहेत, आणि कॅम व व्हॉल्व्ह यांच्यामध्यें बोटासारखी एक चिमुकली तरफ ठेवली आहे. तिचा टेकू मध्यें नसून एका टोंकाला आहे. कॅम तिला वरून दाबतो, आणि दुसरें टोंक व्हॉल्व्हला ढकलतें. घर्षण सोसावें म्हणून तिच्यावर कार्बनचा अतिशय कठीण थर दिलेला असतो. पुशरॉड गेला, वजन गेलें. परंतु बोटाचें टोंक अद्याप कमानींतच फिरतें, आणि देठ अद्याप सरळच चालतो. म्हणून तोच हिशोब तेथेंहि आहे.

यावरून शेतावरच्या इंजिनाला कोणीं हिणवूं नये. एक थोड्या अवधींत सर्वस्व पणाला लावणारा मल्ल, तर दुसरा रात्रभर मोट हांकणारा बैल. दोघांचा धर्म निराळा. काटकोन मात्र दोघांनाहि सारखाच लागतो.

आतां शेतकरी बंधूंसाठीं व गांवोगांवच्या तरुण मेकॅनिकांसाठीं एक सोपी परीक्षा सांगून ठेवतों. माझ्या विद्यार्थ्यानें ती मला शिकविली. इंजिन थंड व पूर्ण बंद असावें, डिझेलची तोटी मिटलेली असावी. टोपण काढून देठाच्या माथ्यावर दिव्याची काजळी किंवा शाईचा पातळ हात द्यावा, आणि फट नेहमींप्रमाणें जुळवून इंजिन हातानें सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावें. मग रॉकर बाजूला करून माथ्यावर उमटलेली खूण पाहावी. खूण अरुंद व मध्याजवळ असेल तर सर्व ठीक. ती रुंद असेल तर काटकोन चुकीच्या जागीं येत आहे. येथें एक चकवा आहे. खूण मध्यावर आहे एवढ्यावरून समाधान मानूं नये. रुंद खूणहि मध्यावर येऊं शकते. आधीं अरुंदपणा पाहावा, मग जागा. खूण बिघडलेली दिसली, तर सीट किती वेळां कापली गेली आहे तें आठवावें, आणि पुन्हा कापण्यापेक्षां नवी सीट बसवून देठाचा माथा मूळ उंचीवर आणावा. जुन्या इंजिनाला तोच खरा उपाय आहे.

आम्हीहि अखेर तेंच केलें. त्या उन्हाळ्यांत नव्या सीटा व नवीं गाईडें बसविलीं. विद्यार्थी पुन्हा आला तेव्हां त्यानें वडिलांच्या देखत काजळीची खूण काढून दाखविली. ती नखाच्या रेघेएवढी होती. वडिलांनीं चष्मा लावून ती पाहिली, आणि मला म्हणाले, "आतां तुझा हिशोब काय म्हणतो?" मीं खर्चाचा कागद काढला नाहीं. ४० आणि ६ यांची आकृति काढून त्यांना दाखविली. त्यांना ती कितपत समजली कोण जाणे. पण पुढें विजेचा पंप येईपर्यंत तें इंजिन त्यांनीं दुसऱ्या कोणाच्या हातीं दिलें नाहीं.

तो वांकलेला व्हॉल्व्ह आणि तें लांबट झालेलें गाईड मीं शाळेच्या कपाटांत ठेवलें होतें. पायथागोरसचा सिद्धान्त शिकवावयाची वेळ आली म्हणजे मी तीं दोन्ही मुलांच्या हातीं देत असें, आणि भोंकाचा व्यास दोन दिशांनीं मोजावयास सांगत असें. दोन मापें निराळीं येत. मग एखादा मुलगा विचारी, "गुरुजी, हें असें कां?" तेथून मी धडा सुरूं करीत असें. आपल्याहि इंजिनाचें टोपण एकदां काढून पाहावें, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.